रूम दोन ‘पर्यंत’ तयार होईल, इथे बाय की टिल? इन-ऑन-ॲटचा घोळ कसा सोडवायचा

फ्रंटडेस्कवाली
मूळ गाव सत्तरी, सध्या किनाऱ्यावर

नमस्कार मंडळी, प्रश्न शाळेतल्या पोराचा वाटेल, हसायचं तर हसा पण उत्तर द्या. मी एका हॉटेलात रिसेप्शनला आहे, दीड वर्ष झालं. शिक्षण चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी, आपल्याकडे बऱ्याच जणांचं झालंय तसंच. बोलताना काही अडत नाही, पाहुणे हसतात, मीही हसते, काम होतं. लिहायची वेळ आली की मात्र इन, ऑन, ॲट, बाय, टिल, फॉर, सिन्स सगळे एकदम दारात येऊन उभे राहतात आणि कुणाला आत घ्यायचं तेच कळत नाही.

परवा काय झालं ते सांगते. एक वयस्क जोडपं सकाळी साडेदहालाच येऊन टेकलं, आमचा चेक-इन दुपारी २ चा. रूम साफ व्हायची होती. मी त्यांना नीट बसवलं, कोकम सरबत दिलं, आणि ते बाहेर फिरून येतो म्हणाले म्हणून चिठ्ठीवर लिहून दिलं, ‘युअर रूम विल बी रेडी टिल टू पीएम’. म्हाताऱ्याने चष्मा लावून वाचलं आणि मला विचारलं, आणि दोन वाजल्यानंतर काय, रूम परत घेणार? मला वाटलं गंमत करतोय. पण बायको भडकली, आम्ही चार रात्रींचे पैसे भरलेत आणि तुम्ही दोन वाजेपर्यंतच रूम देताय. मग मॅनेजर आले, माफी मागितली, मला बाजूला घेऊन म्हणाले ‘बाय’ लिहायचं असतं. का ते मात्र त्यांनाही सांगता येईना, असंच असतं म्हणाले.

मला हे ‘असंच असतं’ नकोय हो. मराठीत ‘दोन वाजेपर्यंत रूम तयार होईल’ म्हणतो आणि ‘दोन वाजेपर्यंत थांबा’ पण म्हणतो, दोन्हीकडे पर्यंतच. मग इंग्रजीत दोन कशाला? आणि हे एकच नाही, मॅरीड विथ की टू, इन द बस की ऑन द बस, सिन्स टू इयर्स की फॉर टू इयर्स, असे शंभर आहेत. काही युक्ती आहे का की नुसतं पाठच करायचं?

---

टायपिंग_करतोय

ताई कशाला डोक्याला ताप, फोनमध्ये एक ग्रामरचं ॲप टाका, चुकलं की खाली लाल रेघ मारतं. मी ऑफिसचे सगळे मेल त्यातूनच पाठवतो.

---

निवृत्त मास्तर
फोंडा

लाल रेघ इथे आली नसती. ‘रेडी टिल टू’ हे व्याकरणाने शुद्ध वाक्य आहे. अर्थ फक्त उलटा आहे, आणि तुमच्या मनात काय होतं ते यंत्राला काय ठाऊक.

बाय, तुझा प्रश्न पोराचा नाही (बाय म्हणजे आपली गोव्यातली बाय हो, इंग्रजीतली नव्हे, आधीच घोळ नको). पस्तीस वर्षं वर्गात हाच प्रश्न ऐकला आणि खरं सांगतो, पहिली दहा वर्षं मीसुद्धा ‘असंच असतं’ म्हणूनच वेळ मारून नेली. पुस्तकात यादी असायची, डावीकडे शब्द, उजवीकडे प्रेपोझिशन, पोरं घोकायची, परीक्षेत लिहायची आणि दुसऱ्या दिवशी विसरायची. मग एकदा लक्षात आलं की पोरांच्या चुका काही वेड्यावाकड्या नसतात, सगळ्यांची चूक एकाच जागी पडते, आणि ती जागा मराठीत असते. आपल्याकडे एक प्रत्यय किंवा एक शब्दयोगी अव्यय दोन-तीन कामं करतं, इंग्रजीत त्याच कामांना वेगवेगळी माणसं ठेवलेली आहेत. तेव्हा इंग्रजी यादी बाजूला ठेव आणि मराठीतला आपला शब्द उघडून बघ, त्याच्या पोटात किती कामं आहेत ती.

‘पर्यंत’ घे. ‘दोनपर्यंत थांबा’ यात थांबणं तोवर चालूच राहतं आणि दोनला संपतं. ‘दोनपर्यंत तयार होईल’ यात तयार होणं ही एकदाच घडणारी गोष्ट, ती साडेबाराला घडेल, पावणेदोनला घडेल, दोनच्या पुढे जाणार नाही एवढंच आपण सांगतो. पहिल्याला टिल किंवा अंटिल, दुसऱ्याला बाय. आता मराठीतच कसं तपासायचं? ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघ. ‘दोन वाजायच्या आत रूम तयार होईल’ बरोबर वाटतं ना, तर बाय. ‘दोन वाजायच्या आत थांबा’ हे कानाला खटकतं, तर टिल. ब्रेकफास्ट साडेदहापर्यंत मिळतो, ‘च्या आत मिळतो’ म्हटलं की तो साडेदहाच्या आधी कधीतरी एकदा येणार असं वाटतं, म्हणून तिथे टिल. रूम अकरापर्यंत सोडा, अकराच्या आत सोडा, बाय. तुझ्या त्या पाहुण्याने जे वाचलं ते मराठीत असं होतं की तुमची रूम दोनपर्यंत तयार अवस्थेत राहील, पुढचं आमच्या हातात नाही. बाईचं भडकणं रास्त आहे.

एक गंमत मात्र आहे. वाक्य नकारार्थी केलं असतंस तर तुझं टिल चाललं असतं. ‘युअर रूम वोन्ट बी रेडी टिल टू’, म्हणजे दोनच्या आधी होणार नाही. तयार ‘नसणं’ ही अवस्था दोनपर्यंत चालू राहते म्हणून. पण पाहुण्याला असं नाही-नाही लिहून देऊ नये, बाय बरं.

आता ‘पासून’. ‘सोमवारपासून इथे आहे’, ‘दोन वर्षांपासून इथे आहे’. मराठीत दोन्ही पासून, म्हणून आपलं पोर बिनधास्त सिन्स टू इयर्स लिहितं. इथे ‘गेली’ लावून बघ. ‘गेली दोन वर्षं’ म्हणता येतं, मग फॉर. ‘गेला सोमवार इथे आहे’ कुणी म्हणत नाही, मग सिन्स. थोडक्यात लांबी सांगितली की फॉर, सुरुवातीचा टोक सांगितला की सिन्स. आणि या दोघांबरोबर ‘आय ॲम वर्किंग हियर’ नाही चालत, ‘आय हॅव बीन वर्किंग हियर फॉर टू इयर्स’. तिसरं एक पासून आहे, ‘सोमवारपासून सुट्टी सुरू’, त्याला फ्रॉम.

बाकीचं संध्याकाळी लिहितो, डोळे दुखतात.

---

फ्रंटडेस्कवाली

सर!! ‘च्या आत’ वालं मी लगेच पाच-सहा वाक्यांना लावून बघितलं. चौथीत कुणी सांगितलं असतं तर… थँक्यू. बसचं पण सांगा ना कुणी, संध्याकाळपर्यंत (टिल!) वाट बघते.

---

कुळागरवाला

बसचं सोपं आहे, मोठं वाहन असलं की ऑन आणि लहान असलं की इन. बस, ट्रेन, विमान मोठं म्हणून ऑन. कार, रिक्षा लहान म्हणून इन. आम्हाला असंच शिकवलं.

---

तारवटी
जहाजावर, सध्या सुट्टीवर घरी

मोठं-लहान नव्हे रे दादा. मग स्कूटर कुठे गेली? स्कूटर तर कारपेक्षा लहान, तरी ऑन द स्कूटर. सायकल ऑन, घोडा ऑन. मी चौदा वर्षं क्रूझ जहाजावर काढली, पहिल्या काँट्रॅक्टला प्रेपोझिशनवरून माझी जेवढी चेष्टा झाली तेवढी कशावरून झाली नसेल, तर माझं ऐक.

ज्यात उभं राहता येतं, इकडून तिकडे चालता येतं ते ऑन, बस, ट्रेन, विमान, जहाज, फेरी. ज्यात वाकून शिरायचं आणि बसूनच राहायचं ते इन, कार, टॅक्सी, रिक्षा, छोटी होडी सुद्धा इन. आणि ज्यावर टांग टाकून बसतो ते परत ऑन. रायबंदरहून चोडणला गाडी घेऊन फेरीत चढलास ना, पाऊस पडतोय म्हणून काचा वर करून आतच बसलास, तर तू इन द कार आणि कार ऑन द फेरी. हे चित्र एकदा डोक्यात बसलं की कुठलं पुस्तक नको. इन द बस अगदीच चूक असं नाही हां, आतल्या जागेवर जोर असला की म्हणतात, बसमध्ये किती उकडतंय वगैरे, पण ‘मी बसमध्ये आहे, पोचतो’ असं फोनवर सांगायचं तर ऑन द बस.

बाय बस, बाय ट्रेन, बाय फेरी हे कशाने आलो त्याचं उत्तर, तिथे मध्ये अ, द, माय काही येत नाही. ‘बाय माय स्कूटर’ म्हटलं की गेलं, ‘ऑन माय स्कूटर’. चालत आलो तर ऑन फूट. आणि तू रिसेप्शनला आहेस म्हणून सांगतो, पाहुण्याला कधी ‘यू कॅन गो बाय पायलट’ असं सांगू नकोस. आपल्याला पायलट म्हणजे काळी-पिवळी मोटारसायकल, माझ्या मावसभावाने एका बाईला हेच सांगितलं तर ती विचारते, इथून मार्केटला विमान जातं? ‘मोटारसायकल टॅक्सी’ म्हणायचं, ‘ऑन द बॅक ऑफ अ मोटारबाईक’.

आता माझी चेष्टा. सुपरवायझरने विचारलं गेल्या ख्रिसमसला कुठे होतास, मी म्हटलं ‘आय वॉज इन द सी’. तो म्हणाला, पोहत होतास? जहाजावर असलो तर ‘ॲट सी’, द सुद्धा नाही. पाण्यात पडलो तर ‘इन द सी’. माल समुद्रमार्गे गेला तर ‘बाय सी’. घर समुद्राला लागून असलं तर ‘ऑन द सी’, मांडवीकाठचं पणजी पण ‘ऑन द मांडवी’, म्हणजे नदीवर तरंगतंय असं नव्हे. बंदरात जहाज लागलेलं ‘इन पोर्ट’, नांगर टाकून उभं असलं तर ‘ॲट अँकर’, मी ‘ऑन डेक’, झोपायला ‘इन द केबिन’. या सगळ्याला नियम लावत बसलो असतो तर पहिल्याच पोर्टला उतरून घरी आलो असतो. दहा वेळा कानावर पडलं, अकराव्यांदा आपोआप तोंडातून आलं.

---

सांगे_४०३

आमच्याकडे आजी १९६१ च्या आधीची, पोर्तुगीज शाळेत शिकलेली, नंतर इंग्रजी स्वतःहून शिकली. ती आयुष्यभर ‘मॅरीड विथ’ च म्हणायची आणि आम्ही नातवंडं दुरुस्त करायचो. मग मी स्वतः पोर्तुगीजचा कोर्स केला तेव्हा कळलं तिचं कुठून येत होतं ते. त्यांच्याकडे ‘काझादु कों’, कों म्हणजे विथ. स्वप्नसुद्धा कुणाची तरी नाही तर कुणाबरोबर तरी पडतं, तिथेही कों. आणि इन-ऑनचं म्हणाल तर एकच ‘एं’, टेबलावर पुस्तक आहे तरी ‘ना मेझा’, सोमवारी येतो तरी ‘ना सेगुंदा-फैरा’, डिसेंबरात तरी ‘एं देझेंब्रु’. म्हणजे आजी बिचारी इंग्रजीत इन-ऑनला अडखळायची ते आपल्यापेक्षा जास्तच, कारण आपल्याला निदान मराठीत टेबला‘वर’ आणि टेबला‘त’ वेगळं आहे, कोंकणीत पण मेजार आणि मेजांत वेगळं.

लग्नाचं बघा, मराठीत त्याच्या‘शी’ लग्न, कोंकणीत ताचे‘कडेन’ लग्न, पोर्तुगीजमध्ये ‘कों’, सगळे बरोबरच म्हणतात, इंग्रजीतच टू. मला वाटतं मूळ कल्पनाच वेगळी असणार, आपण बरोबरीने चालतो, ते बांधतात. टाय, जॉइन, अटॅच, एंगेज्ड, मॅरीड सगळे एका माळेचे, सगळ्यांना टू. मी असंच लक्षात ठेवलंय, एका खुंटीला दुसरं बांधलं की टू. पण ‘शी मॅरीड हिम’ असं सरळ क्रियापद असलं तर मध्ये काहीच नाही, तिथे टू घातलं की पुन्हा चूक.

---

बघतोच_आता

एवढं सगळं करून फायदा काय ते सांगा. इंग्रजांनाच एकमेकांचं पटत नाही. लंडनवाला ॲट द वीकेंड म्हणतो, अमेरिकन ऑन द वीकेंड. डिफरंट फ्रॉम, डिफरंट टू, डिफरंट दॅन तिन्ही छापून येतं. मग आपणच का घाबरायचं? समोरच्याला कळलं की झालं. आपल्या आया-मावश्या बाजारात रशियन लोकांशी बोलतात, प्रेपोझिशन बघून कोण मासे घेतो?

---

निवृत्त मास्तर
फोंडा

मासे विकायला नाही लागत, मान्य. पण इथे समोरच्याला कळलं नव्हतं हाच तर मुद्दा होता ना. टिल आणि बाय यांच्यात दोन माणसांचा मूड गेला. वीकेंडच्या ॲट-ऑनने कुणाचं काही बिघडत नाही, दोन्ही चालतात, दोन्ही बिनधास्त वापरा, मी वर्गातही तसंच सांगायचो. तेव्हा कुठली चूक अर्थ फिरवते आणि कुठली फक्त कानाला लागते, हा फरक करायला शिकलं की अर्धी भीती जाते.

आणि इंग्रजांचं पटत नाही म्हणालात त्यावरून एक आठवलं. त्यांची भाषा हजार वर्षांपूर्वी आपल्यासारखीच होती, नामाला विभक्तीचे प्रत्यय लागायचे. पुढच्या काही शतकांत ते झिजून गेले आणि त्यांचं काम या छोट्या शब्दांवर येऊन पडलं. तेव्हाच्या इंग्रजीत इन-ऑनचं काम बऱ्याच ठिकाणी एकटं ‘ऑन’ च करायचं. ‘अलाइव्ह’ मधला तो अ म्हणजे जुना ऑन, ऑन लाइफ, जिवावर नव्हे, जिवात असलेला. ‘अस्लीप’ मध्येही तोच. तारवटी, तुमचं ‘अशोअर’ पण त्यातलंच बरं का. आणि ‘विथ’ चा जुना अर्थ होता विरुद्ध, ‘विथस्टँड’ मध्ये तो अजून जिवंत आहे. म्हणजे बायकोशी भांडलो, ‘आय फॉट विथ माय वाइफ’, यात विथ मूळच्या घरी आहे, आणि मॅरीड विथ का नाही त्याचं उत्तर तुम्हीच काढा. (हे शेवटचं मस्करीत, वर सांगेवाल्यांनी बांधण्याचं सांगितलंय तेच लक्षात ठेवा.)

वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन आणू नये असंही काही जण शिकवतात, ‘व्हेअर आर यू फ्रॉम’ चूक म्हणणारे पाहिलेत मी. सतराव्या शतकात ड्रायडन नावाच्या कवीने १६७२ मध्ये बेन जॉन्सन या नाटककाराच्या वाक्यांत ही खोड काढली, तेव्हापासून मास्तरांच्या हातात एक छडी आली. तू खुशाल विचार पाहुण्याला व्हेअर आर यू फ्रॉम, ‘फ्रॉम व्हेअर आर यू’ विचारलंस तर उलट तोच दचकेल.

आता राहिलेलं. बाय, तू मराठी ‘वर’ आणि ‘ला’ या दोघांवर लक्ष ठेव, कारण खोड्या हे दोघेच जास्त करतात. राग त्याच्या‘वर’, म्हणून आपण अँग्री ऑन हिम लिहितो, पाहिजे विथ. विश्वास देवा‘वर’, पाहिजे बिलीव्ह इन. प्रेम तिच्या‘वर’, इंग्रजीत काहीच नको, लव्ह हर. आणि अवलंबून कशा‘वर’, तर डिपेंड ऑन, इथे मात्र जुळलं, म्हणूनच तर पोराचा घात होतो, एकदा जुळलं की त्याला वाटतं सगळीकडे जुळेल. ‘ला’ चं उलट, आपल्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही. पणजी‘ला’ पोचलो, रीच्ड टू पणजी नाही, नुसतं रीच्ड पणजी. तेच अराइव्ह घेतलं तर शहरात इन, ठिकाणाला ॲट, अराइव्ह्ड इन पणजी, अराइव्ह्ड ॲट द बस स्टँड. घरी गेलो, वेंट होम, टू नाही, आणि ते आपल्यालाही समजायला हवं कारण आपणही ‘घराला गेलो’ म्हणत नाही, ‘घरी’ म्हणतो. ‘विषयी’ चं पण तसंच, त्याविषयी चर्चा केली म्हणून डिस्कस अबाउट लिहितो, डिस्कसमध्ये ते अबाउट आधीच गिळलेलं आहे. नाम केलंस तर पुन्हा बाहेर येतं, अ डिस्कशन अबाउट. रिक्वेस्टचंही तसंच, क्रियापद असेल तर रिक्वेस्ट युअर पासपोर्ट, नाम असेल तर अ रिक्वेस्ट फॉर. तुमच्या हॉटेलच्या मेलमध्ये ‘वी रिक्वेस्ट फॉर’ असणार, पैज.

---

फ्रंटडेस्कवाली

सर पैज जिंकलात. टेम्प्लेटमध्येच आहे, कुणी टाकलंय देव जाणे, वर्षानुवर्षं तेच जातंय.

---

आई_डिचोलीची

माझा मुलगा आठवीत, त्याला वेळेचं इन-ऑन-ॲट अजून जमत नाही. तीन महिने झाले, रोज रडतो. एक ओळीत सांगा कुणी.

---

तारवटी
जहाजावर, सध्या सुट्टीवर घरी

वहिनी एका ओळीत नाही जमणार पण गोव्याच्या तारखा घ्या, त्याला पाठच असतील. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांची सभा, ते ‘ऑन १८ जून’, पण ‘इन जून’, ‘इन १९४६’, ‘इन मडगाव’. गोवा मुक्त झाला ‘ऑन १९ डिसेंबर’, ‘इन डिसेंबर’, ‘इन १९६१’. घड्याळाचा काटा आला की ॲट, ‘ॲट फाइव्ह ओक्लॉक’. मोठी पिशवी इन, त्यात ठेवलेला एक दिवस ऑन, आणि टाचणीच्या टोकाएवढी वेळ ॲट. मॉर्निंगला इन पण नाइटला ॲट, इथे पोरगं विचारेल का, तर त्याला सांगा आधी जेव. आणि ‘नेक्स्ट मंडे’, ‘लास्ट मंडे’, ‘धिस मंडे’ म्हटलं की ऑन गायब.

---

कुळागरवाला

जागेला पण तसंच का? पिशवी, पृष्ठभाग, टोक?

---

सांगे_४०३

बरंचसं हो. दुकान इन पणजी, ऑन अठरा जून रोड, भेटूया ॲट द चर्च. पण ॲटचं आणखी एक काम आहे जे शाळेत कुणी नीट सांगत नाही, ते म्हणजे कार्यक्रम. जत्रे‘त’ भेटला, लग्ना‘त’ जेवलो, गुलाला‘त’ (जांबावलीच्या उत्सवात) हरवलो, आपल्याकडे ‘त’ आहे म्हणून आपण इन द वेडिंग लिहितो. पाहिजे ॲट द वेडिंग, ॲट द जत्रा. पण गर्दीत हरवला, इन द क्राउड, कारण गर्दी अंगाभोवती आहे. जांबावलीला गुलालाला गेलेला माणूस ॲट द फेस्टिव्हल, इन द क्राउड, आणि घरी येईपर्यंत गुलाबी.

झाडाचं पण बघा, मला फार आवडतं. आंबे झाडा‘वर’, कावळाही झाडा‘वर’. इंग्रजीत आंबे ऑन द ट्री, कारण ते फांदीला लागलेले. कावळा इन द ट्री, कारण तो पानांच्या आत बसलाय. मराठीत आपण झाडाकडे खालून बघतो, ते जणू झाडाच्या आत शिरून बघतात.

---

बघतोच_आता

कावळ्याचं आवडलं. मासेवाला मुद्दा अर्धा मागे घेतो.

आणि दहावीला प्रायर टू, सीनियर टू, प्रिफर टू पाठ करायला लावतात त्याचं काय कारण, तेही सांगून टाका मास्तर, उगाच दॅन लिहून मी एक मार्क घालवला होता.

---

निवृत्त मास्तर
फोंडा

सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर हे लॅटिनमधून तयार तुलनेसकट आलेले शब्द, त्यांच्या पोटातच ‘जास्त’ बसलेलं आहे, म्हणून मोअर सीनियर दॅन नाही, सीनियर टू. प्रिफरही लॅटिनच, त्यात एकाला दुसऱ्याच्या पुढे ठेवणं आहे, मी भातापेक्षा उंडो (आपला गोव्यातला पाव) पसंत करतो, आय प्रिफर उंडो टू राइस. इथे आपला ‘पेक्षा’ दगा देतो, दुसरं काही नाही.

---

फ्रंटडेस्कवाली

मंडळी, चार दिवसांनी येतेय, सीझन आहे, मान वर करायला वेळ नव्हता.

ते जोडपं परवा गेलं. जाताना चावी दिली तेव्हा मी चिठ्ठी लिहून दिली होती, ‘युअर टॅक्सी विल बी हियर बाय नाइन’. म्हाताऱ्याने परत चष्मा लावला, वाचलं, बायकोला दाखवलं, आणि मला म्हणाला आता मी नऊनंतरसुद्धा टॅक्सीत बसू शकतो ना. टॅक्सी नऊला पाच कमी असताना आली.

आणि मी आता गावी फोन करून धाकट्या बहिणीलाही ‘च्या आत’ आणि ‘गेली’ शिकवलंय, ती म्हणते हे मराठीचं ट्यूशन आहे की इंग्रजीचं.

पण नवीन लफडं. मॅनेजर साहेबांनी त्या दिवसापासून ‘बाय’ मनावर घेतलंय. काल येऊन बघते तर रेस्टॉरंटच्या दारात नवा बोर्ड, लॅमिनेट करून, ‘ब्रेकफास्ट विल बी सर्व्ड बाय १०.३०’. आज चार टेबलं सव्वादहाला येऊन बसली, कॉफीवाला पोरगा भांडी उचलत होता, आणि ते लोक शांतपणे वाट बघत होते की अजून पंधरा मिनिटं आहेत, आणतील. मी सांगायला गेले तर साहेब म्हणतात तूच तर बाय चुकवलं होतंस. त्यांना ‘च्या आत’ लावून बघा असं तरी कसं सांगू, त्यांची भाषा तमिळ.

---

तारवटी
जहाजावर, सध्या सुट्टीवर घरी

रात्रपाळी कुणाची आहे? मार्कर घे, ‘बाय’ वर कागद चिकटव, ‘टिल’ लिही, आणि सकाळी कुणी विचारलं तर आधीपासून असंच होतं म्हण.

---

निवृत्त मास्तर
फोंडा

‘विल बी’ काढून ‘इज’ पण कर, हात लागलाच आहे तर.